सरहद्द ठरते, 'आपण' कोण हे ठरतं का?

दक्षिण अमेरिकेतली ब्रिटिश वसाहत गयाना २६ मे १९६६ रोजी स्वतंत्र झाली, तेव्हा तिच्या सुमारे दोन-तृतीयांश भूमीवर, एसेक्विबोवर, व्हेनेझुएलाचा दावा होता. १८९९ साली पॅरिसच्या लवादानं सरहद्द ठरवली होती. पंच कोण? दोन ब्रिटिश, दोन अमेरिकन आणि अध्यक्ष रशियन. १९६२ला व्हेनेझुएलानं तो निवाडा अमान्य केला.

गयानात भारतीय आणि आफ्रिकी वंशाचे लोक निवडणुकीत एकमेकांसमोर उभे ठाकतात. एसेक्विबोचा विषय निघाला की एका सुरात बोलतात. यालाच राष्ट्रीय अस्मिता म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. परक्याच्या दाव्यानं 'आपलं काय' हे कळतं, 'आपण कोण' हे कळत नाही.

जानेवारी १९६९मध्ये याच भागात, रुपुनुनीत, व्हेनेझुएलाच्या मदतीनं बंड झालं. पुढारी गुरांच्या मोठ्या कुरणांचे मालक होते. पण सोबत काही आदिवासीही होते. सरकारनं बंड मोडलं. ज्या भूमीवरून वाद, तिथल्याच काही माणसांना हे राष्ट्र आपलं वाटत नव्हतं. त्यांना फितूर म्हणणं सोपं आहे हो. ती का दुरावली, हे विचारल्याशिवाय अस्मितेची गोष्ट पुरी होत नाही. हेगच्या न्यायालयात त्याचं उत्तर मिळणार नाही.