‘पडीक’ कोण ठरवतं? माळरान, बुरशी आणि एक सरकारी ग्रंथ

आज आपण ज्या ग्रंथाची चिकित्सा करणार आहोत, तो ग्रंथ म्हणून सहसा कुणी वाचत नाही. ‘वेस्टलँड्स अ‍ॅटलास ऑफ इंडिया’ हा उपग्रहचित्रांवरून तयार झालेला सरकारी नकाशासंग्रह. पहिली आवृत्ती २००० साली आली, पाचवी २०१९ साली. या पाचव्या आवृत्तीनुसार देशातली सुमारे ५ कोटी ५८ लाख हेक्टर जमीन, म्हणजे जवळपास १७ टक्के भूभाग, ‘वेस्टलँड’ आहे. आपण मराठीत तिला पडीक म्हणतो.

आता व्याख्या बघू. तिचा मथितार्थ असा, की जी जमीन खालावलेली आहे, जिचा पुरेसा वापर होत नाही आणि जी वाजवी प्रयत्नानं वनस्पतींच्या आच्छादनाखाली आणता येईल, ती पडीक. ‘आणता येईल’ हे शब्द नीट ऐका. जमीन आज काय आहे, यापेक्षा तिचं काय करता येईल याकडे व्याख्येचं लक्ष जास्त आहे. आणि आच्छादन म्हणजे तरी काय? कुसळी आणि मारवेलनं भरलेला सोलापूर-नगरकडचा माळ उघडा आहे का? पण खुरटी झुडपं, खालावलेली कुरणं अशा वर्गांतून माळरानाचा बराच भाग या यादीत येऊन बसतो.

उपग्रहाला मातीच्या आतलं दिसत नाही. आत काय आहे? गवताच्या मुळांत शिरून राहणारी एक बुरशी आहे. शास्त्रज्ञ तिला मायकोरायझा म्हणतात, आपण कवकमूळ म्हणू. तिची छत्री वर येत नाही. जिथं मूळ पोचत नाही तिथून तिचे तंतू स्फुरद आणतात. बदल्यात गवत तिला आपलं अन्न देतं. हे तंतू मातीचे कण एकत्र धरतात. माळाची माती उथळ, खाली मुरूम. तिथं ही बांधणी सुटली तर पहिल्या वळवाच्या पावसात काय होईल, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

माळ नांगरला की हे जाळं तुटतं. स्फुरदाचं खत वाढलं की पिकाला बुरशीची गरज कमी पडते. जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढू शकत नाही, म्हणून जमीन उघडी राहिली की ती उपाशी पडते. मग सगळी बुरशी मरते का? नाही, आणि मुद्दा इथंच आहे. तुटक्या तंतूंतून चटकन वाढणाऱ्या जाती तगतात. न मोडलेली माती आणि लांब हंगाम लागणाऱ्या मागे पडतात. मध्य युरोपातला २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हेच दाखवतो: सर्वांत जास्त जाती गवताळ कुरणांत, वर्षानुवर्षं फक्त मका घेतलेल्या शेतांत सर्वांत कमी. युरोपचा आकडा आपल्या माळाला चिकटवता येणार नाही, पण कार्यकारणाची दिशा समजते.

आणि नांगरच कशाला? माळावर सलग समतल चर खोदून ग्लिरिसिडिया लावला, तेही पर्यावरणाच्या नावानं. ग्लिरिसिडियाच्या मुळांतही कवकमूळ असतंच. पण सावलीनं गवत विरळ झालं, यजमान बदलला, की बुरशीचा समाजही बदलतो. नकाशावर मात्र तिथं ‘सुधारणा’ दिसते.

या ग्रंथाचं श्रेय नाकारायचं कारण नाही. क्षारपड जमिनी, घळी, खाणींनी उद्ध्वस्त केलेली जागा हे सगळं एकत्र मोजलं जाणं आवश्यकच होतं. आक्षेप मोजण्याला नाही. खारावलेली जमीन आणि जिवंत माळ एकाच नावाखाली येतात, याला आहे.

हे नाव जुनं आहे. जॉन लॉकनं १६८९च्या आपल्या ग्रंथात म्हटलं, की चराई, नांगरट किंवा लागवड यांपैकी कुठलीच सुधारणा नसलेली, निव्वळ निसर्गावर सोडलेली जमीन ‘वेस्ट’च. गंमत बघा, लॉकनंही चराईला उपयोगात धरलं! धनगरांची मेंढरं ज्या माळावर पिढ्यान् पिढ्या चरली, तो लॉकच्या कसोटीवरही पडीक ठरणार नाही. आपण लॉकच्याही पुढे गेलो.

मराठीत शब्द आहेत: माळ, कुरण, गायरान. ‘पड’ म्हणजे तर विसावा दिलेली जमीन. पण सातबाऱ्यावर लागवडीलायक नसलेल्या तुकड्याला ‘पोटखराबा’ म्हणतात. म्हणजे आपली महसुली भाषाही निर्दोष नाही.

हा शब्दांचा खेळ नाही. पडीक ठरलेल्या जमिनीवर झाडं लावा, सौर पट्ट्या बसवा, उद्योग आणा, त्यात कुणाचं काही गेलं असं वाटतच नाही, कारण तिथं ‘काही नव्हतं’. म्हणून आपली मागणी साधी आहे. माळाला वर्गीकरणात स्वतःचं नाव द्या. आणि त्याचा वापर बदलण्याआधी तिथं चारणाऱ्याला विचारा, आणि मूठभर माती तपासा.