मांत्रिकच भाव खाऊन जातो!

उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठाने जंगलात शिरत गेलेल्या गावांना ‘बंदी भाग’ म्हणतात. अशा गावांतून हिवाळ्यात महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे भरतात आणि शिबिर म्हटले की पथनाट्य आलेच. व्यसन, हुंडा, उघड्यावरचे शौच हे विषय ठरलेले असतात. त्यांत सर्पदंश हा विषय बंदी भागासारख्या ठिकाणी सर्वांत निकडीचा. म्हणून त्यावरच्या पथनाट्याकडे जरा बारकाईने पाहू.

कथानक बहुधा एकच असते. ढोलकी वाजते. शेतात काम करणाऱ्या पोराला साप चावतो. घरचे त्याला मांत्रिकाकडे नेतात. मांत्रिक कडुलिंबाचा पाला झाडतो, डोळे फिरवतो, कोंबडा मागतो. पोरगा निपचित पडतो. मग पांढरा कोट घातलेला विद्यार्थी येऊन चार वाक्यांत प्रतिसर्पविषाची माहिती देतो, सगळे मिळून घोषणा देतात, टाळ्या पडतात, पुढे सरपंचांचे आभार.

आमची पहिली तक्रार पात्रयोजनेची आहे. चमूतला सर्वांत चांगला नट मांत्रिकाचे काम करतो, कारण त्यात करण्यासारखे काही असते. डॉक्टर मात्र सरकारी पत्रक पाठ म्हणून दाखवतो. पोरे आठवडाभर नक्कल करतात ती मांत्रिकाची. दुसरी तक्रार वेळेची. सर्पदंश वाढतात पावसाळ्यात, प्रयोग होतो डिसेंबर-जानेवारीत. पण या दोन्ही गोष्टी सुधारता येतील. तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. हे नाटक खोटे वाटते, आणि ज्यांच्यासाठी केले त्यांनाच ते खोटे वाटते.

पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने मांत्रिकाकडून बरी होऊन आलेली माणसे डोळ्यांनी पाहिलेली असतात. नाटकात मात्र मांत्रिकाचा रोगी हटकून मरतो. म्हातारा काही बोलत नाही, पाहुण्यांचा मान राखतो. पण मनात म्हणतो, पोरांना माहीत नाही. पुरावा त्याच्याकडे आहे, घोषणा आपल्याकडे. विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांची अशी अवस्था व्हावी हे बरे नव्हे.

त्याचा पुरावा खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आपल्याकडे जीवघेण्या दंशांना मुख्यतः चार साप कारणीभूत ठरतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. धामण, तस्कर, दिवड, कवड्या हे बिनविषारी. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष टोचले जातेच असे नाही. समजा, मांत्रिकाकडे दहा माणसे आली. सहांना बिनविषारी साप चावला होता. उरलेल्या चारांपैकी एकाला विषारी साप चावला, पण विष गेले नाही. म्हणजे मांत्रिकाने नुसते हात जोडून बसायचे ठरवले तरी सात माणसे चालत घरी जाणार! तीन दगावली तर ‘उशिरा आणले’ हे उत्तर तयार असते. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, पण मांत्रिकाचा नावलौकिक अशाच गणितावर उभा असतो.

हे गणित रिंगणात मांडता येते. दहा प्रेक्षकांना उभे करा, प्रत्येकाच्या हातात सापाच्या चित्राचे एकेक पालथे कार्ड द्या. मांत्रिकाने सर्वांवर एकच मंत्र म्हणावा, मग कार्डे उलटावीत. कोण वाचले आणि का, हे गाव स्वतः मोजील. सापांची नावे गावात रूढ असतील तीच वापरावीत. ती गावकऱ्यांनाच विचारावीत. कवड्या आणि मण्यार यांच्यात होणारी गल्लत दाखवली तर आणखी उत्तम. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत फारसे नाही, सूजही नसते. काही तासांत पापण्या जड होतात, पुढे श्वास अडखळतो. ‘काही झाले नाही, सकाळी पाहू’ हे वाक्य घातक ठरते ते इथे. एवढा नाट्यमय प्रसंग सोडून आपले नट लोळण्याचा अभिनय का करतात, हे आम्हांला कळत नाही.

डॉक्टरच्या पात्रालाही करण्यासारखे काम देता येते. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्याची साधी कसोटी अशी : रोग्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त वाहिले तर विष भिनले आहे. वीस मिनिटे म्हणजे जवळजवळ एका पथनाट्याचा वेळ. नाटक सुरू होताना डॉक्टरने दोन नळ्या स्टुलावर ठेवाव्यात, एकीत लाल पाणी, दुसरीत लाल रंगाची घट्ट जेली, आणि ‘कोणी हात लावू नका’ एवढेच म्हणून बाजूला बसावे. प्रेक्षकांचे निम्मे लक्ष शेवटपर्यंत त्या स्टुलावर राहील.

हे फार आधुनिक तंत्र आहे असेही नाही. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत, आणि ते वऱ्हाडातलेच. 1983 साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणले. त्यात मांडलेले बाईच्या आयुष्यातले प्रसंग पाहणाऱ्याला आपल्याच घरातले वाटत. 1987 च्या भारत जनविज्ञान जथ्याने देशाच्या पाच कोपऱ्यांतून भोपाळपर्यंत विज्ञान गाण्या-नाटकांतून नेले. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अतुल पेठे यांच्या मार्गदर्शनाखाली रिंगणनाट्ये उभी केली. त्याच वर्षीच्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्र-दोरे करणे हा गुन्हा ठरला आहे. हे कलम नाटकात यायला हरकत नाही, फक्त ते नाटकाचा शेवट होऊ नये.

कारण मंत्र सोडून लोक निघाले तरी प्रश्न संपत नाही. रात्री दोन वाजता गाडी कोणाची? जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष आहे का, आणि ते देणारे कोणी हजर आहे का? उमरखेडला पोहोचेपर्यंत श्वास अडखळला तर? एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी सुमारे 58 हजार माणसे सर्पदंशाने मेली. ती सगळी अडाणीपणामुळे मेली असे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. जनजागृतीच्या नाटकांत चूक नेहमी गावाची असते, व्यवस्थेची कधीच नसते. 2021 साली आपल्याच जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील एका गावात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली. त्यानंतर एखाद्या आईने लसीकरणाला आलेल्या ताईंना बाटली दाखवायला सांगितली, तर तिला अंधश्रद्धाळू म्हणायचे काय?

फवारणीचेही तेच. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्यानंतरची पथनाट्ये सांगू लागली : हातमोजे घाला, मास्क लावा. मजुराला हे ठाऊक नव्हते असे नाही. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात ते अंगावर ठेवून दिवसभर पंप चालवून दाखवा, असे त्याने नटाला म्हटले तर? ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी हीच मुभा प्रेक्षकांना दिली होती. नाटक मध्येच थांबवायचे, प्रेक्षकाने नटाच्या जागी येऊन आपला मार्ग करून पाहायचा. उमरखेडच्या चौकात हा प्रयोग करायचा तर सामान फारसे लागत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. चार पुठ्ठे रंगवावेत, एक जण दुकानदार होऊन बसावा आणि गिऱ्हाईक म्हणून गावातल्याच कोणाला तरी बोलवावे. घासाघीस सुरू झाली की ढोलकीवाल्याने थांबावे.