मक्याचा तुकडा आणि शाळेची फी : ‘नर्व्हस कंडिशन्स’मधील स्त्रीशिक्षणाचे अर्थकारण

त्सित्सी डँगरेंबगा यांच्या ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) या कादंबरीची समीक्षा बहुतांशी न्याशाच्या आजाराभोवती आणि शीर्षकातील फॅनन-सार्त्र संदर्भाभोवती फिरत राहिली. आरंभीच्या प्रकरणांत फीच्या पैशांचा जो बारकाईचा व्यवहार येतो, त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. वस्तुतः मुलगी शिकली की कुटुंबाचे दारिद्र्य हटते, हे विकासविचारातील गृहीतक तेथेच कसाला लागते.

ऱ्होडेशियातील या शेतकरी घरात आई भाजी व उकडलेली अंडी विकून न्हामोची फी भरते. तांबूची शाळा सुटते. मुलीच्या शिक्षणाचा लाभ सासरच्यांना, हा जेरेमायाचा युक्तिवाद. ‘परक्याचे धन’ म्हणणाऱ्या मराठी समाजाला तो नवा नाही. तांबू आजीच्या जुन्या तुकड्यात मका लावते, भाऊच कणसे चोरून वाटून टाकतो, उरलेली घेऊन ती मातिंबा मास्तरांबरोबर शहरात जाते. तेथे एक गोरी वृद्धा कळवळून दहा पौंड देते. श्रम तांबूचे, फी मात्र दयेतून आलेली. पुढे जेरेमाया मुख्याध्यापकांकडे जाऊन त्या पैशांवर हक्क सांगतो. मुलीचे शिक्षण परक्याचे, पण तिची कमाई बापाची, असा हा दुहेरी न्याय आहे.

मिशनमधील शिक्षणही तांबूला न्हामोच्या मृत्यूनंतर (१९६८), त्याच्या रिकाम्या जागी मिळते. तिची थोरली काकू मैगुरू पदव्युत्तर पदवीधर आहे, मिळवती आहे. तथापि पगारावर तिची सत्ता नाही. उत्पन्न वाढणे आणि ते खर्चण्याचा अधिकार मिळणे यांतील अंतर कादंबरीने येथे नेमके पकडले आहे. न्याशाच्या बंडापेक्षा मैगुरूचे मौन अधिक अस्वस्थ करते.

हा हिशेब ‘द बुक ऑफ नॉट’ (२००६) व ‘दिस मोर्नेबल बॉडी’ (२०१८) यांत पुढे चालतो. शिकलेली तांबू हरारेत जाहिरातसंस्थेत मजकूर लिहिते, श्रेय गोरे सहकारी घेतात. ती नोकरी सोडते. कुटुंबाला वर काढण्यासाठी शिकलेल्या या मुलीला अखेर गावाकडून आईच मक्याचे पीठ पाठवते.