‘स्मृतिचित्रे’ आणि शुभवर्तमानाचा शेजार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची वाङ्मयीन थोरवी मराठी समीक्षकांनी पुष्कळ गायिली आहे. त्यांच्या भाषेचा साधेपणा, विनोद, पतीच्या विक्षिप्तपणाचे निर्भय चित्रण यांविषयी आम्हांस नवे काही सांगावयाचे नाही. परंतु धर्मप्रसाराच्या दृष्टीने हा ग्रंथ आपल्या लोकांनी नीट वाचलेला नाही, असे आमचे मत आहे. एका ब्राह्मण दांपत्याने प्रभूचा स्वीकार केला, एवढे सांगण्यापुरताच प्रवचनांतून त्याचा उपयोग होतो. विकल्या गेलेल्या मालाची पावती दाखवावी, तसा.

वास्तविक ग्रंथातील कथा निराळी आहे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झाला, तो पत्नीस विश्वासात न घेता. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी वियोगात काढली. पुढे त्या पतीकडे आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे-ओवळे सांभाळून. टिळकांनी त्यांच्या धर्मांतराची अट घातली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण वादात त्यांना कोणी जिंकले म्हणून नव्हे. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला आणि स्वतःच सोडविला. त्यांना तसा अवकाश मिळाला, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, स्वतः टिळकांना तरी आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियनाने दिलेल्या नव्या कराराने वळविले. मग पुस्तके वाटण्यात वावगे काय? आक्षेप रास्त आहे. मात्र त्या गृहस्थाने अगोदर टिळकांना आदराने जागा करून दिली होती, त्यांच्याशी संस्कृत काव्याविषयी बोलणे केले होते, आणि पुस्तक मागाहून दिले होते.  आपल्या खात्यावर आत्मा जमा करावयास तो पुन्हा आला नाही, ही गोष्टही विसरू नये.

नंदगडसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १८३१ साली संगोळ्ळी रायण्णाला जेथे फाशी दिली, त्या या खानापूर तालुक्यातील गावात मराठी, कन्नड, कोंकणी बोलणारे लोक एकाच बाजारात वावरतात. बाहेरून आलेला प्रचारक पत्रके वाटतो, आजार बरा होण्याची हमी देतो आणि संध्याकाळच्या बसने निघून जातो. शेजाऱ्याच्या नजरेतील संशय मात्र येथल्या ख्रिस्ती कुटुंबास सोसावा लागतो. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतरविरोधी कायदा झाला. २०२३ साली तो मागे घेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने केला. कायदे येतील, जातील. नाताळात पाठविलेले करंज्यांचे ताट शेजारणीने घ्यावे की परतवावे, हे कायद्याने ठरत नाही.

तथापि ‘मैत्रीद्वारे प्रसार’ ही घोषणाही आम्हांस निर्धोक वाटत नाही. मैत्री हे आमिष झाले, तर ती उघड विक्रीपेक्षा अधिक वाईट. कारण विक्रेता निदान आपण विक्रेता आहोत हे लपवीत नाही. ज्याच्या घरी आपण दुखवट्याला जातो, तो उद्या स्नानसंस्कार घेणार नाही हे पक्के कळले, तरी आपण जाऊ काय? या प्रश्नाला सरळ ‘होय’ म्हणता येत नसेल, तर त्या जाण्याला साक्ष म्हणता येणार नाही. पोप सहावे पॉल यांनी १९७५ सालच्या आपल्या प्रेषितीय पत्रात जीवनाच्या मूक साक्षीला पहिले स्थान दिले, आणि त्याच पत्रात ख्रिस्ताचे नाव घेणे टाळू नये असेही बजावले. आपण बहुधा यांपैकी सोयीचा अर्धाच भाग उचलतो.

टिळकांनी अखेरच्या काळात, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान दिले. स्नानसंस्काराविषयीच्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी हे जुळत नाही, आणि ते जुळते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या माणसाच्या स्वतःच्या घरात पाच वर्षे एक स्नात आणि एक अस्नात जीव प्रभूच्या वाटेवर निरनिराळ्या अंतरांवर चालत होते, त्याला ही कल्पना सुचली यात नवल नाही. धर्मविद्यालयांतून ‘स्मृतिचित्रे’ भाषेच्या तासाला ठेवण्याऐवजी प्रेषितकार्याच्या तासाला वाचावी, आणि तीही १८९५ ते १९०० या वर्षांची पाने, ज्यांत नोंदवहीत लिहिण्याजोगे जवळजवळ काहीच घडत नाही.