आत आलेल्यांवरून परीक्षेचा न्याय करताय?

प्रवेश परीक्षांवर संशोधन करायचं म्हणणारे बरेच जण एकाच जागी घसरतात, म्हणून हे लिहितोय. युक्तिवाद असा असतो: अमुक संस्थेत प्रवेश परीक्षेत वर आलेले पुढे गणितात वर राहतातच असं नाही, सबब परीक्षा निरुपयोगी. बारावीच्या मार्कांबद्दलही हेच म्हणतात.

थांबा. तुमच्याकडे आकडे कुणाचे आहेत? आत आलेल्यांचे. ज्यांना अजिबात जमलं नाही ते दारातूनच परत गेले. उरलेले सगळे वरच्या टोकाचे, त्यांच्यात गुणांचा फरक थोडा, मग सहसंबंध कमी येणारच. परीक्षेनं आपलं काम चोख केलं असलं तरी असंच दिसेल!

याहून फसवा प्रकार बेरजेचा. 2013 ते 2016 मध्ये जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला 40 टक्के वजन होतं. सोयीसाठी समान वजन धरा: दोन्ही परीक्षा 100 ची, प्रवेशाला बेरीज 150 हवी. बारावीला 95 असतील तर प्रवेश परीक्षेत 55 पुरतात; 72 असतील तर 78 लागतात. म्हणजे बारावीत मागे असलेला जो कुणी आत दिसतो, तो प्रवेश परीक्षेत जोरदार असतोच. वर्गात दोन्ही गुणांचं नातं उलटं दिसू शकतं, आणि आपण 'घोकंपट्टीवाल्यांना विचार करता येत नाही' असा निबंध लिहून मोकळे. जोसेफ बर्क्सननं 1946 मध्ये रुग्णालयातल्या आकड्यांबाबत हाच सापळा दाखवला होता.

आता परीक्षेतच खोट असेल तर ती कुठे शोधायची? मी आधी प्रश्नपत्रिका उघडतो. समजा, विचारलंय: सलग तीन धन पूर्णांकांच्या गुणाकाराला नेहमी भाग जाईल अशी सर्वांत मोठी संख्या कोणती, 2, 3, 6 की 12? 1×2×3 केलं की 12 बाद, आणि 6 वर खूण. सहानं *का* भाग जातो हे कळलं नाही तरी पूर्ण मार्क. 2022 पासून दिल्ली विद्यापीठात बारावीच्या कट-ऑफची जागा सीयूईटीनं घेतली. आदल्याच वर्षी तिथल्या काही कॉलेजांत काही विषयांची कट-ऑफ 100 टक्क्यांवर गेली होती, त्यामुळे बदल हवाच होता. पण गणित ऑनर्सला येणाऱ्याला सिद्धता लिहिता येते का, हे ना जुन्या पद्धतीत नीट कळायचं, ना बहुपर्यायी सीयूईटीत कळतं. आयएसआयच्या बी.मॅथ. आणि बी.स्टॅट. प्रवेशाला दुसरा पेपर आठ प्रश्नांचा, लिहून उत्तरं देण्याचा असतो. मोजायचं ते तिथे मोजलं जातं, असं माझं मत. मात्र ऑलिम्पियाडच्या शिबिरात असे प्रश्न आधी सोडवलेला मुलगा आणि तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात ते पहिल्यांदाच बघणारी मुलगी यांच्या गुणांतला फरक कुवतीचा किती आणि सरावाचा किती, हे तो पेपर सांगत नाही.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर नाकारलेल्यांच्या मागे लागा. त्यातले काही जण दुसरीकडे बी.एस्सी. करून आयआयटी जॅमला बसतात, प्रवेश मिळालेलेही काही बसतात. दोघांना एक समान पट्टी मिळते. अर्थात जॅमला कोण बसतं, ही पुन्हा निवडच, आणि त्या पेपरातही सिद्धता लिहावी लागत नाही. तेव्हा सारणी करताना पहिला रकाना 'बसलेच नाहीत' यांचा ठेवा.