छापणाऱ्याचा गुन्हा कोणता?

चिंचवडमध्ये बसून या विषयावर बोलायचं म्हणजे चापेकर चौक टाळून पुढे जाता येत नाही. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच्या आधी बरोबर एक आठवडा, 15 जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आला होता. अफझलखानाचा वध योग्य की अयोग्य, ही त्यातली चर्चा. शेजारी 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. जुलैत टिळकांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची शिक्षा. म्हणजे खटला भरला तो बऱ्याच अंशी व्याख्यानांच्या छापील वृत्तांतावर! आमचं हे बोलणंही उद्या कोणी तरी उतरवून काढणार आहे, तेव्हा जरा जपूनच बोलतो.

न्यायमूर्ती स्ट्रॅचींनी ज्युरीला दोन गोष्टी सांगितल्या. एक, अप्रीती म्हणजे सरकारविषयी प्रीती नसणं. दोन, लेखामुळे दंगा झाला की नाही हे पाहायचं कारण नाही. नऊपैकी सहा युरोपियन ज्युरर 'दोषी' म्हणाले, तिघे भारतीय 'निर्दोष'. आपल्याकडे या निकालावर जी टीका होते ती बहुधा 'गोऱ्यांचा न्याय' म्हणून थांबते. आम्हाला ती अपुरी वाटते. कारण स्ट्रॅचींचं दुसरं वाक्य तितकं चुकीचं नाही. चिथावणी कोणी ऐकली नाही म्हणून ती चिथावणी राहत नाही असं नाही. जनतेला किंवा दहाहून अधिक लोकांना गुन्ह्यासाठी प्रवृत्त करणं हा जुन्या दंडसंहितेच्या कलम 117 खाली गुन्हा होताच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम 57 मध्ये तीच सात वर्षांपर्यंत गेली. गुन्हा प्रत्यक्षात घडलाच पाहिजे असं तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

स्ट्रॅचींची खरी चूक पहिल्या वाक्यात आहे. त्यांनी वाचकाच्या मनातली भावना शोधली. शोधायची होती ती कृती: कोणाला, कुठे, केव्हा, काय करायला सांगितलं? 'हे राज्य अन्यायी आहे' यात कृती नाही. 'उद्या सहाला नाक्यावर या आणि काचा फोडा' यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला श्रेया सिंघल खटल्यात चर्चा, समर्थन आणि चिथावणी अशा पायऱ्या वेगळ्या केल्या, आणि पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी त्यांना हात लावायचा नाही असं सांगितलं. हे यायला एकशे अठरा वर्षं लागली.

पण आपल्या बाजूचीही एक लबाडी आहे, तीही बोलली पाहिजे. 'पेटवून टाका' लिहायचं आणि पोलीस आले की 'अहो, ती तर प्रतिमा होती' म्हणायचं. 30 जुलै 2018 ला चाकणमध्ये बसगाड्या जळाल्या. त्या जळत असताना त्याच चौकातल्या माणसाला 'पेटवा' असा निरोप गेला, तर तिथे अलंकारशास्त्र चालत नाही. शब्द तोच, घरी बसून वाचणाऱ्याला तो राग वाटेल, चौकातल्याला हुकूम.

आता छापणारा. 1897 च्या खटल्यात टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ हेही आरोपी होते. ज्युरीने त्यांना सोडलं. आज माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 हेच काम करतं: दुसऱ्याचा मजकूर नुसता वाहून नेणाऱ्याला संरक्षण, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरही तो ठेवला तर संरक्षण गेलं. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या अ‍ॅडमिनबद्दलही म्हटलं, की सदस्याच्या मजकुराला तो आपोआप जबाबदार नाही. समान हेतू दाखवावा लागेल. कार्यकर्ते एवढंच ऐकतात आणि निर्धास्त होतात. पण जो मजकूर निवडतो, बदलतो, त्याला 79 ची छत्री नाही. मथळा दिलात की तुम्ही संपादक झालात.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी या पट्ट्यात एक संप चालू होता, आणि आम्ही दोघे-तिघे प्राध्यापक कामगारांसाठी एक पत्रक काढायचो. एक निनावी पत्र आलं: पहाटेच्या पाळीच्या गाड्या अडवा, काचा शिल्लक ठेवू नका. आम्ही ते 'वाचकांची पत्रे' मध्ये घातलं, वर 'एका कामगाराची हाक' असा मथळाही दिला. त्या पहाटे धो धो पाऊस पडला, कोणी आलं नाही. पण कायद्याप्रमाणे पत्रकाखाली मुद्रकाचं नाव होतं. आमचं नव्हतं! छापखानेवाल्याला दोन दिवस चौकीच्या बाकावर बसवून ठेवलं, आणि आम्ही त्या वेळी वर्गात कांट शिकवत होतो.

सुटल्यावर आम्ही भेटायला गेलो. तो रागावला नाही. खिळे जुळवता जुळवता एवढंच म्हणाला, "सर, आम्ही उलटी अक्षरं लावतो, मजकूर काही वाचत बसत नाही. तुम्ही वाचलं होतंत ना?"

वाचलं होतं. आता प्रश्न असतील तर घेऊ या.