भग्नतेचे मूल्य : पिएरफों, कूसी आणि मलंगगड

प्रास्ताविक

महाराष्ट्रात किल्ल्यांविषयी जितकी आस्था आहे, तितका त्यांच्या जतनाविषयीचा विचार रुजलेला नाही. ‘जीर्णोद्धार’, ‘संवर्धन’ व ‘पुनर्बांधणी’ हे शब्द सर्रास समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः जीर्णोद्धार ही देवालयांच्या परंपरेतील संकल्पना असून तीत वास्तू पुन्हा उपासनायोग्य करणे अभिप्रेत असते. संवर्धनात उरलेले टिकविणे, तर पुनर्बांधणीत नष्ट झालेले नव्याने उभारणे अपेक्षित असते. अंबरनाथ तालुक्यातील मलंगगडाच्या संदर्भात या भेदाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फ्रान्समधील दोन किल्ले

या प्रश्नावर युरोपात दीर्घकाळ वाद झाला. फ्रान्समधील पिएरफों हा किल्ला चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधण्यास घेतला गेला. १६१७ मध्ये तो राजाज्ञेने निकामी करण्यात आला आणि त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ भग्नावस्थेत राहिला. १८५७ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने वास्तुविशारद व्हियोले-ल-द्यूक यांच्याकडे हे काम सोपविले. आरंभी मुख्य बुरूज दुरुस्त करून उर्वरित भाग भग्नच ठेवावयाचा होता; पुढे मात्र राजनिवास म्हणून संपूर्ण किल्लाच उभा राहिला. तो देखणा आहे, परंतु त्यात मध्ययुगापेक्षा एकोणिसाव्या शतकाने कल्पिलेले मध्ययुगच अधिक दिसते.

कूसी येथील तेराव्या शतकातील किल्ल्याची कथा निराळी आहे. त्याचा ५० मीटरहून उंच बुरूज १९१७ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंगाने उडविला. तो पुन्हा बांधला गेला नाही. तेथील दगडांचा ढीग हाच युद्धाचा पुरावा ठरला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने पुढे हेच तत्त्व निराळ्या शब्दांत मांडले : जेथे अनुमान सुरू होते, तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे.

मलंगगड : इतिहास आणि अवशेष

मलंगगडाची रचना पीरमाची, सोनेमाची व बालेकिल्ला अशा तीन टप्प्यांची आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० मध्ये, कॅप्टन ॲबिंग्टनने खालचा भाग अचानक हल्ला करून घेतला; परंतु शिबंदी वरच्या किल्ल्यात गेली आणि तो त्याला जिंकता आला नाही. उलट मराठी फौजांनी त्यालाच कोंडीत पकडले व त्याच्या सुटकेसाठी हार्टलेला यावे लागले. गडाचे सामर्थ्य तटबंदीपेक्षा कातळात आणि टप्प्याटप्प्याच्या रचनेत होते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते.

आज बालेकिल्ल्यावर वाड्याच्या भिंती व कातळात खोदलेली पाण्याची टाकी दिसतात. वर जाणारी पायऱ्यांची वाट मध्येच तुटलेली आहे. ती इंग्रजांनी तोडली, अशी परंपरागत समजूत आहे. पेशवाईच्या अस्तानंतर सह्याद्रीतील अनेक गडांच्या वाटा अशाच उद्ध्वस्त करण्यात आल्या होत्या, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

जतनाचा पेच

येथे कूसीचे उदाहरण उपयुक्त ठरते. तुटलेली वाट ही केवळ गैरसोय नसून इतिहासाचा दस्तऐवज आहे. त्या जागी सिमेंटच्या पायऱ्या बांधल्यास गड सुगम होईल. परंतु तो दुर्गम का करण्यात आला, हा प्रश्नच पुसला जाईल. तथापि, कूसीचा न्याय संपूर्ण गडाला लावणेही योग्य नव्हे. पीरमाचीवरील हाजी मलंग बाबांचे स्थान जिवंत श्रद्धास्थान असून माघी पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. केतकर कुटुंबाकडील वहिवाटीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये या संस्थेचे संमिश्र स्वरूप नोंदविले होते. अशा ठिकाणी वाट, पाणी व सुरक्षितता यांची मागणी रास्त आहे. फनिक्युलर रेल्वेच्या प्रकल्पामागेही हीच गरज आहे. मात्र माचीसाठी योग्य असलेली सुविधा बालेकिल्ल्यासाठी योग्य ठरेलच असे नाही. एकाच डोंगरावर दोन निकष लावावे लागतील, हे मान्य न केल्यामुळेच भाविकांची सोय आणि पुराव्याचे रक्षण या गोष्टी परस्परविरोधी वाटू लागतात.

पायथ्याच्या परिसरातच याचे प्रत्यंतर आहे. शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचे शिखर ढासळलेले आहे, तरीही मंदिराचे कलामूल्य उणावलेले नाही आणि नित्य पूजाही चालू आहे. केंद्रीय संरक्षणाखालील या वास्तूत उपासना आणि भग्नता एकत्र नांदतात.

निष्कर्ष

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत मलंगगड नाही. मान्यताप्राप्त गडांकडे निधी व तज्ज्ञ वळतात. उरलेल्यांच्या वाट्याला बहुधा उपेक्षा किंवा अतिउत्साही बांधकाम येते. या दोहोंपासून बचावाचा पहिला उपाय म्हणजे नोंद. टाकी, भिंती व तुटलेल्या पायऱ्या यांची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे कोणत्याही कामापूर्वी तयार असणे अत्यावश्यक आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग हे कार्य संयुक्तपणे करू शकतात. चुकीची दुरुस्ती पुढील पिढीला काढून टाकता येईल. परंतु नोंद न करता बुजविलेला पुरावा कोणत्याही पिढीला परत मिळणार नाही.